सैतानाच्या तोंडीं स्तोत्र



अरण्यांत चाळीस दिवस उपवास केल्यावर प्रभु येशूची परीक्षा झाली. तीनही वेळां त्यानें अनुवादाच्या ग्रंथांतील वचनच ढालीसारखें पुढें केलें. परंतु मंदिराच्या शिखरावर सैतानही शास्त्रच बोलला, हें आपण सहसा विसरतों! त्यानें ९१ वें स्तोत्र म्हटलें. देवदूत रक्षण करितील हें सांगितलें. तें रक्षण मनुष्याच्या नित्याच्या वाटांवर आहे, उडी घेण्यासाठीं नव्हे, एवढें दर्शविणारे शब्द मात्र गाळिले. आणि सर्प तुडविण्याची गोष्ट येण्यापूर्वींच तो थांबला. (ती त्याला कशी रुचावी?) रविवारीं रात्रीच्या प्रार्थनेंत हें स्तोत्र म्हणतांना मी त्या गाळलेल्या जागीं क्षणभर अडखळतों.

कारण ही युक्ति आपल्या घरांतही चालते. बांधावरून भावाशीं तंटा झाला, कीं प्रभूनें सराफांचे चौरंग उलथिले तें आपणांस तत्काळ स्मरतें. अर्पण वेदीपुढें ठेवून आधीं भावाशीं समेट करावा, ही आज्ञा त्याच मत्तयाच्या शुभवर्तमानांत, पांचव्या अध्यायांत आहे. आज असे कोणी भाऊ दोन बाजूंच्या बाकांवर बसले असतील, तर अर्पणविधीस अजून थोडा अवकाश आहे.