छुपा कॅमेरा: देवळालीचं प्रकरण

शोधपत्रकाराने छुपा कॅमेरा कधी वापरावा? नाशिकजवळच्या देवळालीत हा प्रश्न फार गंभीर ठरला.

फेब्रुवारी २०१७मध्ये एका वृत्तसंकेतस्थळाने देवळालीच्या लष्करी छावणीतलं छुपं चित्रण दाखवलं. अधिकाऱ्यांची कुत्री फिरवणं, मुलांना शाळेत पोहोचवणं अशी कामं ‘सहायक’ जवानांकडून करून घेतली जातात, असा त्याचा विषय. मार्चच्या सुरुवातीला त्यात बोललेला एक जवान छावणीत मृतावस्थेत सापडला. हे चित्रण करणाऱ्या पत्रकार महिलेवर शासकीय गुपिते कायद्यासह इतर कलमांखाली गुन्हा दाखल झाला. एप्रिल २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला.

कायद्याचा निकाल लागला, तरी पत्रकारांनी यातून काही धडे घ्यायला हवेत. प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेनुसार ठोस कारणाशिवाय कुणाचंही बोलणं नकळत ध्वनिमुद्रित करू नये. माहिती उघडपणे मिळत असेल, तर छुपा कॅमेरा नकोच. चित्रणातल्या माणसाचा नुसता चेहरा धूसर करून भागत नाही. आवाज, लकब, गणवेश, मागची भिंत यांवरूनही सहकारी त्याला ओळखतात. मूळ चित्रफीत काटछाट न करता जपावी. आणि बातमीची झळ सर्वांत आधी कुणाला बसेल, याचा विचार प्रसारणापूर्वीच व्हावा.