पडद्यावरची वीरांगना आणि तिची तालीम



ब्रूस लीच्या जन्माला 27 नोव्हेंबर 2020 रोजी 80 वर्षे पूर्ण झाली. त्या दिवसाचे औचित्य साधून दिग्दर्शक रामगोपाल वर्मा यांनी आपल्या ‘लडकी’ या आगामी चित्रपटाची झलक प्रेक्षकांपुढे ठेवली. ‘भारताचा पहिला मार्शल आर्ट्‌स चित्रपट’ अशी त्याची जाहिरात होती. नायिका होती पूजा भालेकर. ही तरुणी पडद्यावर येण्यापूर्वीच तायक्वांदो शिकलेली होती. हिंदी चित्रपटाच्या प्रेक्षकाला नायिकेचे नृत्य परिचयाचे आणि तिचे अश्रूही परिचयाचे. पण जिची लाथ कोणत्याही युक्तीविना खरोखरच मस्तकाच्या उंचीपर्यंत जाते, अशी नायिका त्याच्या वाट्याला क्वचितच आलेली. साहजिकच औत्सुक्य निर्माण झाले. ज्या घरांतील मुली सायंकाळी कराटेचा पांढरा गणवेश घालून मैदानावर जातात, त्या घरांत तर ते अधिकच होते.

‘पहिला’ हा शब्द जाहिरातीत फार स्वस्त असतो, हे मात्र येथेच नमूद केले पाहिजे. 1935 मध्ये मुंबईच्या वाडिया मूव्हीटोनने ‘हंटरवाली’ प्रदर्शित केला, तेव्हा हातात चाबूक घेऊन अन्याय करणाऱ्यांवर तुटून पडणारी नायिका या देशाने पाहिली होती. तिचे पडद्यावरचे नाव नादिया. जन्माने ती ऑस्ट्रेलियातील मेरी अ‍ॅन एव्हान्स. काही काळ सर्कशीत काम केलेली असल्यामुळे उडी मारणे, दोरावरून झेप घेणे, घोड्यावरून दौडणे हे सारे ती स्वत:च करी. पुढच्याच वर्षी ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये ती धावत्या आगगाडीच्या टपावर गुंडांशी झुंजली. त्या काळी तंत्र अगदी प्राथमिक होते. पण पडद्यावर जो चेहरा दिसे, त्याच चेहऱ्याची स्त्री टपावर उभी असे. हा मुद्दा वरवर साधा वाटतो. पुढील अनेक दशकांत आपला चित्रपट नेमके हेच विसरला.

‘शोले’तील टांग्याची दौड कोणाला आठवत नाही? 1975 पासून लोकांनी बसंतीच्या त्या धाडसाला टाळ्या दिल्या. पण त्या प्रसंगातील जोखमीचे काम रेश्मा पठाण यांनी केले होते. टांगा उलटण्याच्या चित्रीकरणात त्यांना दुखापतही झाली. नायिकांच्या जागी स्त्रीचा वेष घातलेले पुरुष उड्या मारीत, अशा काळात ही मुलगी या व्यवसायात आली होती. त्यांच्या आयुष्यावरचा ‘द शोले गर्ल’ हा चित्रपट आला तो 2019 मध्ये, म्हणजे ‘शोले’नंतर तब्बल 44 वर्षांनी. कौशल्य एकीचे आणि चेहरा दुसरीचा, ही विभागणी आपल्याकडे इतकी रुजली की त्यात काही वावगे आहे असे कोणास वाटेनासे झाले. नादियाच्या देशात हे व्हावे!

वस्तुत: मारामारीचा चित्रपट आणि युद्धकलेचा चित्रपट यांत भेद आहे. मारामारीत ठोसा बसला की नाही एवढेच महत्त्वाचे. युद्धकलेत पाय कोठे रोवला, कंबर कधी वळली, श्वास कोठे रोखला हे दिसावे लागते. त्यासाठी खेळाडूचे संपूर्ण शरीर मस्तकापासून पावलापर्यंत चौकटीत असले पाहिजे आणि दृश्य काही क्षण अखंड चालले पाहिजे. कलावंताला ती कला अवगत नसेल, तर दिग्दर्शकासमोर एकच मार्ग उरतो. कॅमेरा जवळ न्यायचा, दृश्याचे तुकडे करायचे आणि उणीव आवाजाने भरून काढायची. आपल्या असंख्य चित्रपटांत आघाताचा आवाज आघातापेक्षा मोठा असतो, त्याचे कारण हे आहे.

हाँगकाँगच्या चित्रपटसृष्टीने हे फार पूर्वी ओळखले होते. 1966 मध्ये किंग हू यांनी ‘कम ड्रिंक विथ मी’ या चित्रपटात चेंग पेइ-पेइ या तरुणीला नायिका केले. ती लढवय्यी नव्हती, नृत्य शिकलेली होती. तोल, लय आणि पदन्यास हे तिच्या अंगी आधीच मुरलेले होते. तलवार त्यानंतर आली. हीच अभिनेत्री 34 वर्षांनी ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’मध्ये खलनायिकेच्या भूमिकेत उभी राहिली आणि त्या चित्रपटाने चार ऑस्कर पारितोषिके मिळविली. भरतनाट्यम आणि कथक लहानपणापासून शिकणाऱ्या मुली ज्या देशात घरोघरी आहेत, त्या देशाला ही वाट अवघड का वाटावी? कथकलीच्या नटाची शरीरसाधना तर केरळच्या युद्धकलेतूनच आलेली आहे.

प्रयत्न झाले नाहीत असेही नाही. 2016 मध्ये सुधा कोंगरा यांनी तमिळमध्ये ‘इरुधी सुट्रु’ आणि हिंदीत ‘साला खडूस’ हा चित्रपट केला, तेव्हा मुष्टियोद्ध्या मुलीच्या भूमिकेसाठी त्यांनी रितिका सिंग या प्रत्यक्ष स्पर्धांत लढलेल्या किकबॉक्सरलाच निवडले. तिचा हा पहिलाच मोठा चित्रपट, आणि राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला. लढणाऱ्या मुलीला अभिनय शिकविता येतो, हे त्यातून सिद्ध झाले. त्याच वर्षीच्या ‘दंगल’ने उलट बाजू दाखविली. फातिमा सना शेख आणि सान्या मल्होत्रा यांनी कित्येक महिने कुस्तीची माती अंगाला लावून घेतली, म्हणून त्यांचे डाव खरे वाटले. दोन्ही मार्ग खुले आहेत. मात्र दोहोंसाठी वेळ द्यावा लागतो, आणि चित्रपटाच्या अंदाजपत्रकात वेळ ही सर्वांत महागडी वस्तू असते.

‘लडकी’ अखेर 15 जुलै 2022 रोजी प्रदर्शित झाला. नायिकेच्या कौशल्याबद्दल शंका घेण्यास जागा नव्हती. तिच्या शरीरातील चापल्य खरे होते, मेहनत खरी होती. परंतु कॅमेऱ्याची नजर त्या कौशल्यावर स्थिर राहिली नाही. ती पुन:पुन्हा अंगप्रदर्शनाकडे वळली. वर्षानुवर्षे घाम गाळून कमावलेले शरीर आणि लालसेने पाहिले जाणारे शरीर यांत दिग्दर्शकाने भेद केला नाही, तर त्या मुलीवर तो अन्यायच होय. दुसरी गोष्ट अशी की, चित्रपटाची सारी प्रेरणा ब्रूस लीची. त्या महान कलावंताविषयी आदर असण्यात गैर काहीच नाही. त्याने जगभरातील तरुणांना तालमीची गोडी लावली. पण पहिलेपणाचा दावा करणाऱ्या भारतीय चित्रपटात भारतीय युद्धकलेला जागा किती होती, हा प्रश्न उरतोच.

आणि ही कला थोडीथोडकी नाही. केरळातील कलरीपयट्टूचेच उदाहरण घ्यावे. परंपरेनुसार कलरी म्हणजे जमिनीच्या पातळीखाली खणलेली 42 फूट लांब आणि 21 फूट रुंद अशी जागा, तिचे प्रवेशद्वार पूर्वेला आणि नैऋत्य कोपऱ्यात सात पायऱ्यांचे पूत्तरा. प्रथम केवळ शरीराचे व्यायाम, त्यानंतर लाकडी दंड, त्यानंतर धातूची शस्त्रे आणि शेवटी रिकाम्या हातांनी लढणे असा क्रम. आधी शस्त्र आणि मग मोकळा हात, ही रीत आजच्या कराटेच्या वर्गात शिकणाऱ्यास चकित करील. कंबरेला गुंडाळता येणारी उरुमी ही लवचीक तलवार तर अशी की, चुकल्यास ती चालविणाऱ्यालाच जखमी करते.

ही उरुमी जिच्या नावाशी कायमची जोडली गेली, ती उण्णियार्चा. उत्तर मलबारच्या ‘वडक्कन पाट्टुकळ’ या लोकगाथांतील पुत्तूरम घराण्याची ही कन्या. उत्सवाला जाताना वाटेत गुंड अडवितात, सोबतचा नवरा थरथरू लागतो आणि ती शस्त्र हाती घेते, हा प्रसंग केरळात लहान मुलांनाही ठाऊक आहे. 1961 मध्ये कुंचाको यांनी तिच्याच नावाचा चित्रपट काढला. नायिका होती रागिणी. पुढे 1989 च्या ‘ओरु वडक्कन वीरगाथा’मध्ये एम. टी. वासुदेवन नायर यांनी ती कथा चंदूच्या दृष्टीने मांडली. चित्रपट थोर, यात शंका नाही. परंतु त्यात उण्णियार्चा केंद्रस्थानी राहिली नाही. आजचे तंत्र हाताशी घेऊन तिला पुन्हा केंद्रस्थानी आणणारा चित्रपट निघावा, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही. स्त्रीप्रधान साहसपटाला प्रेक्षक येत नाहीत ही भीतीही आता उरलेली नाही. ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या कल्याणी प्रियदर्शनच्या ‘लोका’ या मलयाळम चित्रपटाने जगभरात 300 कोटी रुपयांच्या वर गल्ला जमविला. अर्थात तिथली शक्ती यक्षिणीची, अलौकिक. सरावाने मिळविलेल्या शक्तीची कथा त्याहून वेगळी.

ती पाहावयाची असेल तर आपल्या महाराष्ट्रातही दूर जावे लागत नाही. कोल्हापूरच्या तालमींतून लाठी, विटा, फरी-गदगा आणि दांडपट्टा अजून फिरतो आणि आता मुलीही तो फिरवितात. या खेळाला ‘मर्दानी’ म्हणतात, हा भाषेचा एक विनोदच. दांडपट्ट्याला 2024 मध्ये राज्यशस्त्राचा मान मिळाला. त्याआधी 2020 च्या टाळेबंदीत पुण्याच्या रस्त्यावर पोटासाठी काठ्या फिरविणाऱ्या 85 वर्षांच्या आजींचे चित्रण देशभर गाजले. डोंबारी समाजातील या वृद्धेने ही विद्या लहानपणी घरातच घेतली होती. लोक हळहळले, मदतही आली. पण तिच्या मनगटातील ते वळण टिपून ठेवावे, एखाद्या तरुण अभिनेत्रीने तिच्यासमोर बसून ते शिकावे, हे किती निर्मात्यांना सुचले असेल?

वडकरा येथील मीनाक्षी अम्मा यांनी वयाच्या सातव्या वर्षी कलरीत पाऊल ठेवले. पुढे त्यांचे गुरू राघवन यांच्याशीच त्यांचा विवाह झाला आणि त्यांच्या पश्चात अम्मांनी कलरीची धुरा सांभाळली. 2017 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांनी वयाची सत्तरी ओलांडली होती. साडीचा काचा मारून, हाती तलवार-ढाल घेऊन त्या तरुण शिष्यांशी झुंजताना अवघ्या देशाने पाहिले. त्या चित्रणात ना दृश्याचे तुकडे होते, ना आघाताचे कृत्रिम आवाज. त्यांच्या कलरीत ठरावीक शुल्क घेण्याची प्रथा नाही. शिष्याने स्वेच्छेने गुरुदक्षिणा द्यावी. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की तेथे नवे वर्ग भरतात आणि सहा-सात वर्षांच्या मुली मुलांच्या शेजारी त्याच रांगेत उभ्या राहून पहिला पाय उचलावयास शिकतात.