बालकांचा रक्तक्षय आणि आपले कर्तव्य



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आरोग्यविषयक चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली. मी वैद्य नव्हे. कापडाचा व्यापारी आणि वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. म्हणून हा विषय मला उमजणाऱ्या जमाखर्चाच्या भाषेतच मांडतो.

आपला पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच्या एका अंगास बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत, तर दुसऱ्या अंगास जव्हार-मोखाड्याचे डोंगर. १९९२-९३ मध्ये कुपोषित बालकांच्या मृत्यूंमुळे ज्याच्या नावाने सारा महाराष्ट्र हळहळला, ते वावर-वांगणी आज याच जिल्ह्यात आहे. परंतु रक्तक्षय केवळ डोंगरातच आहे, असे समजू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ मध्ये महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ५३.८ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला होता. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ६८.९ टक्के झाले.

यातील बहुतेक बालकांचा विकार सौम्य वा मध्यम असतो. या वयात हिमोग्लोबिन ७ ग्रॅमच्या खाली गेले की तो तीव्र रक्तक्षय होय. हा आजार पावलांचा आवाज न करता येतो. शरीर हळूहळू सवय करून घेते, त्यामुळे मूल खेळत असते आणि घरच्यांना शंका येत नाही. तळहात, जीभ व खालच्या पापणीची आतली बाजू पांढुरकी दिसणे, माती वा खडू खाण्याची ओढ, चिडचिड, लवकर धाप लागणे ही त्याची लक्षणे. मग एखाद्या साध्या तापाचे निमित्त होते, हृदयावर ताण येतो आणि मुलाला धावतपळत रुग्णालयात न्यावे लागते.

रक्ताची तूट तीन प्रकारे येते. पहिला प्रकार, जमा कमी. लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व यांवाचून रक्त तयार होत नाही. आईकडून मिळालेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो. त्यानंतरही केवळ दुधावर ठेवलेले बाळ गुटगुटीत दिसले तरी फिकट पडते, कारण दुधात लोह अत्यल्प असते. दुसरा प्रकार, गळती. अनवाणी पायांतून शिरणारे अंकुशकृमी आतड्यात राहून रोज थोडे थोडे रक्त शोषतात. तिसरा प्रकार, नासधूस. तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. सिकलसेल आजारात त्या १० ते २० दिवसांतच नष्ट होतात. हिवताप आणि थॅलेसेमिया यांतही पेशींचा असाच नाश होतो. पुष्कळदा एकाच बालकात दोन-तीन कारणे एकत्र नांदतात.

येथे माझ्या बोलण्याचे सार येते. अशा बालकास चढविलेले रक्त प्राण वाचविते. पण ते उसनवारीचे भांडवल आहे. तूट कोठे आहे हे शोधले नाही, तर काही महिन्यांत तेच मूल पुन्हा त्याच खाटेवर येते. म्हणून रक्त चढविण्यापूर्वीच तपासणीचा नमुना घेतला जाणे अगत्याचे असते. नंतर घेतल्यास दात्याचे रक्त त्यात मिसळलेले असते आणि सिकलसेल वा थॅलेसेमियाचे निदान सुमारे तीन महिने अवघड होऊन बसते. लोहाचे टॉनिकही प्रत्येकास लागू नाही. वारंवार रक्त घेणाऱ्या बालकाच्या शरीरात आधीच लोह साचत असते.

आता आपल्या घराकडे वळू. ब-१२ शाकाहारात प्रामुख्याने दूध-दह्यातूनच मिळते. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातील १० ते १९ वर्षे वयाच्या सुमारे ३१ टक्के मुलामुलींत त्याची कमतरता आढळली. गर्भवती मातेत हे जीवनसत्त्व कमी असेल तर तिच्या दुधावरील बाळ फिकट पडते, सुस्त होते, शिकलेले हसणे-बसणे विसरू लागते. आपला आहारधर्म उत्तम आहे. त्यास साध्या रक्तचाचणीची व वैद्यकीय सल्ल्याने गोळीची जोड दिल्यास त्यात यत्किंचितही उणेपणा येत नाही. डाळी, पालेभाज्या, नाचणी यांसोबत लिंबू वा आवळा घ्यावा आणि जेवणालगतचा चहा टाळावा.

सुवर्णमहोत्सवी वर्षात आपण तीन संकल्प करू या. पहिला, रक्तदान शिबिर वर्षातून एकदाच थाटात न भरविता चार वेळा विभागून भरवावे. तांबड्या पेशी जास्तीत जास्त ४२ दिवस टिकतात. मे महिन्याचा तुटवडा जानेवारीतील विक्रमाने भरून निघत नाही. दुसरा, विवाहापूर्वी मुलामुलींची हिमोग्लोबिनचा प्रकार दाखविणारी चाचणी व्हावी. दोघेही एकाच दोषाचे वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास आजार होण्याची शक्यता चारात एक असते. पत्रिका जुळविणाऱ्यांना हा एक कागद जड नाही. तिसरा, आपल्या दुकानांत व कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या मुलांना अंगणवाडीतून मिळणारे लोहाचे औषध आणि जंतनाशक गोळी नियमित मिळते की नाही, याची मालकाने स्वतः चौकशी करावी.

जीवदया हा आपला वारसा आहे. रक्ताची पिशवी देऊन तिचा आरंभ होतो. ते मूल पुन्हा रुग्णालयात येऊ नये म्हणून झटण्यात तिची पूर्तता आहे.