परदेशातील परिषदा आणि आपल्या घरचे औषध



दूरदेशी मंत्र्यांच्या परिषदा भरतात, करार होतात. त्यांचा आपल्या घराशी काय संबंध, असे आपणांस वाटत असेल. एक उदाहरण पाहा.

१९७० च्या आपल्या कायद्यात औषध बनविण्याच्या कृतीला पेटंट मिळे, खुद्द औषधाला नाही. त्यामुळे तेच औषध निराळ्या कृतीने स्वस्तात बनविता येई. १९९४ साली मोरोक्कोतील माराकेश येथे जो व्यापार करार झाला, त्याने औषधालाही वीस वर्षांचे पेटंट देणे भाग पडले. भारताने २००५ साली कायदा बदलला.

मात्र २००१ साली दोहा येथील परिषदेत विकसनशील देशांनी आग्रह धरला, आणि जनतेच्या आरोग्यासाठी सरकार दुसऱ्या कारखान्यालाही परवाना देऊ शकते, हे जाहीरनाम्यात स्पष्ट झाले. असा परवाना भारताने २०१२ साली कर्करोगाच्या एका औषधासाठी दिला. महिन्याचा सुमारे २,८०,००० रुपयांचा खर्च ८,८०० रुपयांवर आला!

मित्रहो, हे कशाने साधले? कराराचे कलम वाचून त्याचा अर्थ लावणाऱ्या वकिलांमुळे आणि औषध बनविणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांमुळे. अशी माणसे आपल्याही घरांतून निघाली पाहिजेत. म्हणून पालकांना माझी कळकळीची विनंती आहे : दहावी झाली की मुलाला दुकानात आणि मुलीला घरात बसवू नका. त्यांना पुढे शिकू द्या. परिषदेत आपली बाजू मांडायला शिकलेलीच माणसे लागतात.