स्वागताध्यक्षांचे भाषण



मलकापूरला गाडीतून उतरून, राजूर घाट चढून आपण डॉक्टर मंडळी बुलडाण्यात आलात. जिजाऊंच्या या जिल्ह्यात स्वागत समितीच्या वतीने आपले मनःपूर्वक स्वागत करतो.

आजचा विषय प्रोस्टेट कॅन्सर. आमच्या ओपीडीत साठी उलटलेले काका येतात, सातबाऱ्यासोबत पिशवीत जपलेला पीएसएचा रिपोर्ट काढतात. आकडा सात-आठ. मुलगा हळूच विचारतो, "तुकडा काढला तर पसरणार तर नाही ना?" या भीतीला आधार नाही, हे आपण ठामपणे सांगितले पाहिजे. पण लगेच सुईही नको. लघवीत जंतुसंसर्ग नाही ना ते पाहावे, पीएसए पुन्हा करावा, जमल्यास आधी एमआरआय. २०१८च्या 'प्रिसिजन' अभ्यासात एमआरआय आधी केलेल्या गटातल्या २८ टक्के पुरुषांना बायोप्सी लागलीच नाही. लागलीच, तर गुदमार्गाऐवजी पेरिनियमच्या त्वचेतून सुई घालण्याचा पर्याय रुग्णासमोर ठेवावा. त्यात जंतुसंसर्गाचा धोका कमी. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात रात्री थंडी वाजून ताप भरला तर दवाखाना गाठेपर्यंत उजाडते; आमच्यासाठी हा फरक मोठा आहे.

आणि बायोप्सीत ग्लिसन सहा, म्हणजे सौम्य प्रतीचा कॅन्सर, निघाला तर? कॅन्सर म्हटल्यावर घरचे शेत विकायला निघतात. ब्रिटनच्या 'प्रोटेक्ट' अभ्यासात १६४३ पुरुष होते. देखरेख, शस्त्रक्रिया, रेडिएशन असे तीन गट केले होते. २०२३मध्ये पंधरा वर्षांचे निष्कर्ष आले. या कॅन्सरने दगावलेले तिन्ही गटांत सुमारे तीन टक्केच. देखरेखीच्या गटात रोग शरीरात पसरण्याचे प्रमाण मात्र जवळजवळ दुप्पट होते, तेही रुग्णापासून लपवू नये. देखरेख म्हणजे घरी बसणे नव्हे. ठरावीक काळाने पीएसए, एमआरआय, पुन्हा बायोप्सी, आणि रोग सरकला की उपचार.

आपल्याकडे बरेच रुग्ण रोग हाडांत गेल्यावर, कंबर धरून येतात, याची मला जाणीव आहे. म्हणूनच लवकर सापडलेला माणूस आपण गमावू नये. नागपूर-मुंबईच्या तज्ज्ञांना माझी कळकळीची विनंती आहे: देखरेखीचे वेळापत्रक मराठीत लिहून द्या. रक्त मेहकर, खामगाव, चिखलीतच घेतले जावे, रिपोर्ट फोनवर तुमच्यापर्यंत पोहोचावा, आणि पेरणीच्या हंगामात तारीख चुकली तर त्या घरी फोन कोणी करायचा, तेवढे आज संध्याकाळपर्यंत ठरवून द्या.