सरकत्या पट्ट्यावरचे विमान

नामपल्लीचे रेल्वे स्टेशन हे टोकाचे स्टेशन आहे. १९०७ साली ते उभे राहिले. वाडीकडून येणारा रूळ येथे संपतो आणि रुळाबरोबर गाडीही थांबते. इंजिन कितीही बलवान असो, शेवटच्या अडसरापलीकडे ते तसूभर सरकत नाही. ही रेल्वे १९३० साली निजाम सरकारने कंपनीकडून आपल्या ताब्यात घेतली. त्याच रेल्वेने १९३२ साली संस्थानात बसगाड्या सुरू केल्या, आणि १९४५ साली स्थापन झालेल्या डेक्कन एअरवेज या विमान कंपनीत सर्वांत मोठा हिस्सा तिचाच होता. त्या काळी नामपल्लीहून सुटणारी आगगाडी, रस्त्यावरची बस आणि बेगमपेठेहून उडणारे डाकोटा विमान ही जणू एकाच घरची लेकरे होती. तिघांच्या स्वभावात मात्र एक मोठा भेद होता, आणि तो ध्यानात आला म्हणजे एका प्रसिद्ध कोड्याची गाठ आपोआप सुटते.

कोडे असे आहे. धावपट्टीच्या जागी एक प्रचंड सरकता पट्टा बसविला आहे, अशी कल्पना करावी. विमानतळावर प्रवाशांचे सामान आणून देणारा पट्टा असतो तसाच, पण धावपट्टीएवढा लांबरुंद. त्यावर विमान उभे आहे. विमान ज्या वेगाने पुढे जाऊ लागेल, त्याच वेगाने पट्टा मागे सरकेल. हे विमान उडेल की नाही?

बहुतेक लोक क्षणाचाही विलंब न लावता नकार देतात, आणि त्यांच्या नकाराला अनुभवाचा आधार असतो. व्यायामशाळेतील पट्ट्यावर धावणारा मनुष्य घामाघूम होतो, परंतु समोरची भिंत काही जवळ येत नाही. तद्वत विमानही जागच्या जागी धावत राहील. ते पुढे गेले नाही तर पंखांवरून वारा वाहणार नाही, आणि वारा नाही तर उड्डाण नाही. या तर्काची शेवटची पायरी अगदी बरोबर आहे. पहिलीच चुकली आहे.

आगगाडीचे इंजिन पुढे जाते ते रुळाला मागे रेटून. बसचे चाक रस्त्याला मागे रेटते. धावणाऱ्या मनुष्याचा पाय जमिनीला रेटतो. ज्याला रेटायचे तेच मागे पळू लागले, तर या तिघांची गती वाया जाते. म्हणून चाकांच्या वेगानेच मागे पळणाऱ्या पट्ट्यावर बस खरोखरच जागची हलणार नाही. डाकोटाची गोष्ट निराळी. तिच्या चाकांना इंजिनाचा जोर मिळतच नाही. ती चाके हातगाडीच्या चाकांप्रमाणे नुसती फिरती असतात. इंजिने फिरवितात ते पंखे, आणि पंखे रेटतात हवेला. जेट विमानातही हेच घडते. पंख्याऐवजी तेथे हवेचा झोत मागे फेकला जातो, इतकेच. खालचा पट्टा कितीही मागे पळाला, तरी वरची हवा जागच्या जागीच असते.

नामपल्लीच्या फलाटावरच याचा प्रयोग मनाशी करून पाहावा. सामानाची एक चाकांची गाडी सरकत्या पट्ट्यावर ठेवली आहे, तीवर एक मनुष्य बसला आहे, आणि फलाटाच्या खांबाला बांधलेला दोर त्याच्या हाती आहे. पट्टा मागे धावू लागला तर चाके गरगर फिरतील, पण दोर घट्ट धरलेला मनुष्य मागे जाणार नाही. त्याने हात आखडून दोर ओढला, तर तो गाडीसह खांबाकडे सरकेल. विमानाचा खांब म्हणजे हवा.

पट्टा विमानाला अजिबात अडवीत नाही असे मात्र नाही. चाकांच्या आसांत आणि टायरांत थोडे घर्षण असतेच. पक्क्या धावपट्टीवर हा अडथळा विमानाच्या वजनाच्या शेकडा दोन-तीन भागांहून सहसा अधिक नसतो, आणि चाके दुप्पट वेगाने फिरली म्हणून तो दुप्पट होत नाही. इंजिनांचा जोर त्याच्या कित्येक पट असतो. तेव्हा ताशी सुमारे १४० किलोमीटर वेगाने जमीन सोडणारे डाकोटा याही पट्ट्यावरून त्याच वेगाने जमीन सोडील. चाके तेवढी २८० च्या वेगाने फिरत असतील. आजच्या मोठ्या जेट विमानांना येथे निराळीच अडचण येईल. त्यांचा जमीन सोडण्याचा वेग ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास असतो आणि टायर सुमारे ३६० च्या मर्यादेपर्यंतचे असतात. दुपटीचा हिशेब केला तर टायर फुटण्याचे भय खरे; पण तो दोष टायरांचा.

काही चतुर मंडळी प्रश्नच बदलतात. विमानाच्या वेगाशी नव्हे, तर चाकांच्या फिरण्याच्या वेगाशी पट्ट्याने बरोबरी करावी, असे ते म्हणतात. चाक न घसरता फिरत असेल, तर ही अट विमान जागेवर असतानाच पाळली जाते. म्हणजे विमानाने हलू नये हे आधीच ठरवून, ते हलेल काय, असे विचारण्यासारखे झाले. ती अट पाळायची तर पट्ट्याचा वेग क्षणोक्षणी भयंकर वाढवीत न्यावा लागेल. असा पट्टा कागदावरच राहतो.

२००८ च्या जानेवारीत अमेरिकेतील एका दूरदर्शन कार्यक्रमाने हे कोडे प्रत्यक्ष करून दाखविले. एक हलके विमान लांबलचक कापडी पट्ट्यावर उभे केले, आणि तो पट्टा मोटारीने उलट दिशेला ओढला. विमान पुढे धावले आणि उडाले.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये हैदराबादची प्रवासी विमाने बेगमपेठ सोडून शमशाबादला गेली. शहराने बेगमपेठेला चहूकडून वेढले होते. नव्या विमानतळासाठी नामपल्लीपासून वीस-पंचवीस किलोमीटरांवर सुमारे साडेपाच हजार एकर जमीन लागली, आणि धावपट्टी झाली ४,२६० मीटरांची. सरकत्या पट्ट्यावर विमान जागच्या जागी धावून सरळ वर उठेल, अशी समजूत काहींची असते. ती खरी असती, तर एवढ्या जमिनीची गरजच पडली नसती. एखाद्या मैदानाच्या कोपऱ्यात पट्टा बसविला की काम झाले असते. परंतु पट्टा जसा विमानाला अडवीत नाही, तसा त्याची धावही वाचवीत नाही. पंखांना हवेतून जो वेग हवा, तो मिळविण्यासाठी तेवढे अंतर कापावेच लागते.

ते अंतर घटविण्याचा खरा मार्ग वाऱ्याचा आहे. म्हणूनच वैमानिक समोरून येणारा वारा घेऊन उडतात. १९६१ साली आरमारात दाखल झालेली ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका विमाने सोडताना वाऱ्याच्या तोंडाकडे वळून वेगाने जात असे. तिचा डेक अवघ्या विमानालाच हवेतून पुढे नेई. चाकांखालून मागे पळणाऱ्या पट्ट्याला हे साधत नाही.

आणि ते अंतर वाढविणारी वस्तूही हवाच. हैदराबाद समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून उंच आहे. मे महिन्यात भर दुपारी पारा ४२ अंशांवर गेला, म्हणजे येथील हवा समुद्रकाठच्या १५ अंशांच्या हवेपेक्षा शेकडा १४ भागांनी विरळ होते. पंखांना तेवढाच आधार मिळण्यासाठी विमानाला शेकडा सात-आठ भाग अधिक वेग गाठावा लागतो, आणि इंजिनांचा जोरही उणावतो. धाव लांबते, प्रसंगी माल उतरवून ठेवावा लागतो किंवा थंड वेळेची वाट पाहावी लागते. शंभर किलोमीटर वेगाने मागे पळणारा पट्टा डाकोटाला जितके अडविता ना, त्याहून अधिक बेगमपेठेची वैशाखातली दुपार अडवीत असे.