‘साभार परत’ आल्यानंतर



‘साभार परत’ हे दोन शब्द ज्याच्या वांट्याला कधींच आले नाहींत, असा लेखक विरळा. कथा परत आली तर लेखक ती दुसऱ्या मासिकाकडे धाडतो. पण वर्षानुवर्षें खपून लिहिलेला शास्त्रीय निबंध चुकीच्या कारणासाठीं नाकारला गेला, तर लेखकानें दाद कोणाकडे मागावी? आज या प्रश्नाचा थोडा विचार करूं.

या प्रश्नाची एक हकीकत आपल्या मुंबईशीं निगडित आहे. जॉन जेम्स वॉटर्स्टन नांवाचे स्कॉटिश गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारी उमेदवारांना मुंबईंत शिकवीत असत. १८४५ सालीं त्यांनीं लंडनच्या रॉयल सोसायटीकडे एक निबंध पाठविला. वायु म्हणजे अखंड धांवणाऱ्या सूक्ष्म कणांचा समुदाय, आणि या कणांच्या गतीवरच वायूचें उष्णमान अवलंबून असतें, असें त्यांत प्रतिपादन होतें. एका परीक्षकानें तो निबंध निव्वळ निरर्थक ठरविला. त्याचा अल्पसा सारांश तेवढा छापला गेला. मूळ हस्तलिखित सोसायटीच्या दप्तरांत पडून राहिलें. सभेपुढें वाचलेला निबंध सोसायटीच्या मालकीचा होई, तो लेखकाला परत मिळत नसे, असा तेथील रिवाज. आणि वॉटर्स्टन यांनीं स्वतःजवळ नक्कल ठेवली नव्हती! पुढें क्लॉसियस व मॅक्सवेल यांनीं हाच विषय स्वतंत्रपणें मांडून कीर्ति मिळविली. वॉटर्स्टन १८८३ सालीं वारले. १८९१ सालीं सोसायटीचे चिटणीस लॉर्ड रॅले यांना तें हस्तलिखित सांपडलें, व १८९२ सालीं त्यांनीं तें छापविलें. न्याय मिळाला, पण तो घ्यावयास माणूस उरला नव्हता.

परंतु यावरून लेखक तेवढा बरोबर आणि परीक्षक तेवढा चूक, असा निष्कर्ष काढणें घाईचें होईल. १९३६ सालीं आइन्स्टाइन व रोझेन यांनीं अमेरिकेंतील ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे, गुरुत्वलहरी असूं शकत नाहींत अशा आशयाचा निबंध धाडला. संपादक टेट यांनीं तो परीक्षकाकडे दिला, व परीक्षकानें त्यांतील दोष दाखविला. छापण्यापूर्वीं आमचा लेख तज्ज्ञांना दाखविण्याची परवानगी आम्हीं दिली नव्हती, असें रागानें कळवून आइन्स्टाइन यांनीं तो मागें घेतला. वास्तविक परीक्षकाचें म्हणणें बरोबर होतें. १९३७ सालीं निबंध दुसऱ्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला, तेव्हां त्यांतील निष्कर्ष बदललेला होता. राग मोठ्या माणसाला आला म्हणून तक्रार मोठी होत नाहीं. आणि लेखक दूरदेशचा अप्रसिद्ध शिक्षक आहे, म्हणून ती लहानही होत नाहीं.

मग न्यायाची रीत कोणती असावी? प्रथम अपील आणि तक्रार यांतील भेद ओळखावा. निर्णय चुकला, असें म्हणणें हें अपील. निबंध वर्षभर अडकवून ठेवला, किंवा परीक्षक माझा प्रतिस्पर्धी होता, असें म्हणणें ही तक्रार. अपिलांत ‘माझे श्रम वायां गेले’ हें कारण पुरेसें नाहीं; अमुक आक्षेप अमुक कारणामुळें टिकत नाहीं, हें दाखविलें पाहिजे. तें दाखविल्यास निबंध नव्या परीक्षकाकडे जावा, आणि ज्या संपादकानें नकार दिला त्यानेंच अपिलाचा निवाडा करूं नये.

तक्रार संपादकाविरुद्धच असेल, तर ती ऐकणारा त्याच्या अधिकाराबाहेरचा हवा. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकानें १९९६ सालीं असा एक स्वतंत्र लोकपाल नेमला. निबंधाचे गुणदोष ठरविणें हें त्याचें काम नव्हे. दिरंगाई, उद्धटपणा अशा कारभारांतील दोषांकडे त्यानें पाहावयाचें. पुढच्याच वर्षीं ब्रिटनमध्यें वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनीं प्रकाशन-नीतीविषयीं एक समिति स्थापिली. तक्रार कशी करावी, हें प्रत्येक सभासद-नियतकालिकानें उघडपणें जाहीर करावें, अशी आज तिची अपेक्षा असते.

निकाल लेखकाच्या विरुद्ध गेला तरी चालेल; पण तो वेळेवर, लेखी आणि सकारण मिळावा. त्यानंतर लेखकानेंही तो मानावा. कारण परीक्षक बहुधा विनामूल्य काम करतात, आणि त्यांच्या वेळेलाही मोल आहे. मुंबईच्या त्या शिक्षकाला तरी याहून अधिक काय हवें होतें? कोणीतरी आपला निबंध पुन्हां एकदां उघडून वाचावा, एवढेंच. तेवढ्यासाठीं पंचेचाळीस वर्षें लागावयास नको होतीं.